चित्रांचे पत्ते सांगणारे सर

साखळीच्या आमच्या शाळेत एक ड्रॉइंग सर होते. लोक देवळाचा किंवा डॉक्टरचा पत्ता सांगतात, तसे ते चित्रांचे पत्ते सांगायचे. 'मुंबईला चाललात? मग अर्धा दिवस मोकळा ठेवा. संग्रहालयात शिरलात की जिन्याने वर जा. डावीकडची दुसरी खोली, खिडकीला लागून. अकराच्या आत पोचा. नंतर काचेवर उजेड येतो आणि त्यात आपलंच तोंड दिसतं.' समोरचा माणूस मुंबईला मूळव्याधीच्या ऑपरेशनला निघालेला असला तरी सरांना फरक पडत नसे. 'ऑपरेशन दुपारचं असेल,' ते म्हणायचे.

हे सगळे पत्ते एकाच चित्रकाराच्या चित्रांचे होते. तो पेडणे तालुक्यातल्या कोरगावचा. पोर्तुगीज अमलात मुंबईला गेला, तिथे शिकला, नाव कमावलं आणि पन्नाशीच्या आत वारला. त्याची चित्रं कुणी कुणी विकत घेतली, पुढे त्यांच्या वारसांनी ती वेगवेगळ्या शहरांतल्या संग्रहालयांना दिली. सरांनी चित्रकाराला कधी पाहिलं नव्हतं. तरुणपणी परीक्षेला मुंबईला गेले असताना त्याचं एक चित्र मात्र पाहिलं होतं. उघडल्यापासून बंद होईपर्यंत दिवसभर त्याच्यासमोर उभे राहिले. दुसऱ्या दिवशी परत गेले तर भिंतीवर नुसता खिळा. चित्र रात्रीतून गोदामात गेलं होतं. का गेलं, परत कधी लागेल, हे तिथल्या पहारेकऱ्याला माहीत नव्हतं आणि विचारणारा माणूसही त्याने पहिल्यांदाच पाहिला होता.

तेव्हापासून सरांनी एक वही ठेवली. आमच्या गोव्यातल्या माणसाची चित्रं सर्वसामान्य माणसाला कुठे जाऊन बघता येतील, एवढंच त्या वहीत होतं.

मी शाळेच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. आता मी तेव्हाच्या सरांच्या वयाची झाले आहे. संग्रहालयांना जाणारी त्यांची इंग्रजी पत्रं मी टाइप करायची. पत्रात प्रश्न दोनच असत. चित्र भिंतीवर आहे की गोदामात? आणि हे उत्तर लिहिणाऱ्याने स्वतः उठून जाऊन पाहिलं आहे का? दुसरा प्रश्न मला उद्धट वाटायचा. मी दोन पत्रांत तो गाळला. सरांच्या लक्षात आलं. तिसऱ्या पत्रापासून ते तो प्रश्न स्वतःच्या हाताने, शाईने, सहीच्या वर लिहू लागले. त्यांचं अक्षर इतकं देखणं होतं की उद्धटपणा आणखी उठून दिसायचा.

आलेलं उत्तर वहीत पेन्सिलीने उतरायचं. शाईने लिहायचं ते कुणीतरी त्या चित्रासमोर उभं राहून आल्यावरच. सरांना सगळीकडे जाणं शक्य नव्हतं, म्हणून ते लोकांना पाठवायचे. आमच्याकडच्या खाणीवर ट्रक चालवणारा दोडामार्गचा एक ड्रायव्हर काही दिवस लांबच्या फेऱ्या करायचा. सरांनी त्याला नागपूरच्या संग्रहालयात पाठवलं. तो परत आला तो थेट ऑफिसात, अंगावर रस्त्याची धूळ.

'चित्र असा,' तो म्हणाला. 'बाई असा. डोक्यार घागर असा.'

'घागर कुठल्या हाताने धरली आहे?' सरांनी विचारलं.

ड्रायव्हरने डोळे मिटले, आपलाच हात डोक्याकडे नेऊन बघितला. 'डाव्या.'

सरांनी तिथल्या तिथे शाई काढली. उलट आमच्या बँकेचे एक अधिकारी बडोद्याला जाऊन आले आणि 'फारच अप्रतिम हो' एवढंच म्हणाले. ती नोंद शेवटपर्यंत पेन्सिलीत राहिली.

सर लग्न न केलेले गृहस्थ होते. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भट्टीमागच्या एका खोलीत राहायचे आणि सकाळी गरम उंडो पाव चहात बुडवून खायचे. खोलीला उजेडापुरतं एकच जनेल, तिथे टेबल. सिनेमा त्यांना आवडत नसे. चित्र नीट बघायच्या आत निघून जातं, अशी त्यांची तक्रार होती. छत्री बारा महिने बरोबर. उन्हाळ्यात ती उघडायचे नाहीत, नुसती काखेत. विचारलं तर म्हणायचे, हात मोकळे राहिले की उगाच हवेत रेघा काढतात आणि लोक बघतात.

१९८६ साली गोव्यात भाषेवरून वातावरण तापलं होतं. कोकणी की मराठी, यावरून कधी बस बंद तर कधी बाजार बंद. साखळीत एका घरातले दोन सख्खे भाऊ जेवताना एकमेकांना वाढ म्हणेनात. दोन्ही बाजूंची माणसं फलक रंगवून घ्यायला सरांकडेच यायची, कारण तालुक्यात तसं अक्षर दुसरं नव्हतं. सरांनी दोघांनाही रंगवून दिले. एकाच डब्यातला रंग, एकाच मापाची अक्षरं. अट एवढीच, की सभा संपल्यावर कापड परत आणून द्यायचं. परत आलेलं कापड ते धुऊन, खळ लावून, ताणून आठवीच्या मुलांना चित्रं काढायला देत. शाळेच्या प्रदर्शनात एका मुलाने काढलेल्या सूर्यास्तातून 'झालीच पाहिजे' ही अक्षरं हळूहळू वर आली होती. हेडमास्तरांचा जीव टांगणीला.

'तुमचा पक्ष कुठला ते एकदा सांगून टाका,' ते सरांना म्हणाले.

'कापड दोन्ही बाजूंनी वेळेवर परत केलं,' सर म्हणाले. 'माझी कुणाबद्दल तक्रार नाही.'

त्याच वर्षी पावसाळ्याच्या आधी सरांना पणजीहून एक पत्र आलं. पणजीत एका संस्थेचं लहानसं संग्रहालय होतं, जुन्या घरात, आता ते तिथे नाही. त्यांच्याकडे या चित्रकाराचं एक चित्र असल्याचं पत्रात लिहिलं होतं: काजू सोलणारी मुलगी. कुणी तरी मागे नोंद करून ठेवली होती की ही चित्रकाराची धाकटी बहीण. चित्र भिंतीवर आहे, हॉलमध्ये, असंही लिहिलं होतं.

बहीण म्हटल्यावर सर रविवारी कोरगावला गेले. बहीण होती. ऐंशीच्या पुढची, विधवा, नवरा गेल्यापासून माहेरच्या घरात भाच्यांकडे राहणारी. गावात सगळे तिला माई म्हणत. सर पहिल्यांदा गेले तेव्हा माईंनी त्यांना सोप्यावर बसवलं आणि सांगितलं, पुढच्या खेपेस कोणा बाईमाणसाला घेऊन या, मगच बोलू. म्हणून पुढच्या रविवारी मी गेले.

माई काटक होत्या. बसल्या बसल्या मान तिरकी करून बघायच्या, कोंबडी दाणा बघते तशी.

'ही कोण? तुमची चली?'

'नाही, मुलगी नव्हे, आमच्या ऑफिसातली,' सर म्हणाले.

'मगीर बरें. बस गो बाय.' मला पाट दिला. सरांना कदेल, म्हणजे खुर्ची. मग म्हणाल्या, 'तें चित्र हांवें केन्नाच पळोवंक ना.'

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण तसंच होतं, ते चित्र त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं. सतरा वर्षांच्या असताना, काजूच्या दिवसांत, याच सोप्यावर त्या भाजलेल्या बिया फोडत बसायच्या. भाऊ मुंबईहून आला होता. आठ दिवस त्याने समोर बसून चित्र काढलं. अर्धवट चित्र तो कुणाला दाखवायचा नाही. नवव्या दिवशी ते गुंडाळलं आणि मुंबईला घेऊन गेला.

'पुढल्या मे म्हयन्यांत दाखयतां म्हणलो,' माई म्हणाल्या. 'पुढल्या मे म्हयन्यांत माजें लग्न जालें. मगीर तो त्या देशांत, हांव घोवाच्या घरांत.'

भाऊ वारला ते त्यांना पंधरा दिवसांनी कळलं. चित्राचं काय झालं हे कुणी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. आता मात्र विचारायची वेळ आली होती. त्यांनी एक डोळा हाताने झाकला. 'ह्या दोळ्यान तुमी दिसनात.' मग दुसरा झाकला. 'ह्या दोळ्यान अर्दे दिसतात. म्हापशाचो दोतोर म्हणटा, उन्हाळ्यामेरेन चलतलो.'

काचबिंदू होता. गेलेली नजर परत येणारी नव्हती, उरलेली पुढच्या उन्हाळ्यापर्यंतच टिकणार होती.

'मी तुम्हाला चित्र दाखवतो,' सर म्हणाले. 'शब्द देतो.'

माझ्या समजुतीप्रमाणे त्यांनी आयुष्यात कुणाला दिलेला हा पहिला शब्द असावा. चौकशी पूर्ण न करता दिलेला तर नक्कीच पहिला.

पण लगेच जाणं झालं नाही. पाऊस लागला, त्यात मांडवीवरचा पूल पडला. पणजीला जायचं तर बेतीपर्यंत बस आणि तिथून फेरीबोट. फेरीवर ही गर्दी. ऐंशी वर्षांच्या बाईला त्यात घालायचं नाही, असं भाच्यांचं म्हणणं. पाऊस ओसरला तर गणपतीची चवथ आली, मग दिवाळी, मग आंदोलन आणि रस्ते बंद. दोनदा दिवस ठरला आणि मोडला. मधे सर कोरगावला जाऊन आले आणि ऑफिसात येऊन नुसते उभे राहिले.

'काय झालं?' मी विचारलं.

'माई मला आवाजावरून ओळखायला लागल्यात,' ते म्हणाले.

शेवटी डिसेंबर सरता सरता एक मंगळवार ठरला. आदल्या दिवशी मी ऑफिसातून पणजीला फोन लावला. मला फक्त वेळ विचारायची होती. तिथले अधिकारी सज्जन वाटले.

'वेळ दहा ते पाच,' ते म्हणाले. 'पण बाई, तुम्ही म्हणता ते चित्र भिंतीवर नाही. पावसात हॉलच्या भिंतीला ओल आली तेव्हा सगळी काढून स्टोअरमध्ये ठेवली. मी नवीन आहे इथे. परवाच बघत होतो, ते काही दिसलं नाही. दोन-तीन आठवडे द्या, शोधून कळवतो.'

मी फोन ठेवला आणि आठवीच्या वर्गाच्या दारात गेले. सर मुलांना तांब्या काढायला शिकवत होते.

'झालं का बोलणं?' त्यांनी विचारलं.

'झालं. दहा ते पाच उघडं आहे,' मी म्हणाले.

खोटं काहीच नव्हतं. सांगितलं असतं तर सरांनी बेत रद्द केला असता, नवं पत्र लिहायला लावलं असतं, उत्तराची वाट बघितली असती, आणि तोवर माईंचा डोळा गेला असता. माझा हिशेब साधा होता. दहा पत्रांनी जे होत नाही ते दारात उभ्या राहिलेल्या ऐंशी वर्षांच्या बाईने होतं. आणि तरीही चित्र मिळालं नाही तर? रात्री झोप नीट लागली नाही.

सर पहाटेच कोरगावला जाऊन माईंना घेऊन म्हापशाला आले. मी साखळीहून येऊन त्यांना तिथे गाठलं. माई नवीन नऊवारी नेसल्या होत्या आणि त्यांनी पदर कानामागे घट्ट खोचला होता. सरांनी कोटाला इस्त्री केली होती. बेतीला फेरीत चढताना त्यांनी छत्री माझ्याकडे दिली आणि माईंचा हात धरला. माईंनी तो झिडकारला. 'चलूंक येता माका. दिसना तें वेगळें.'

संग्रहालय धक्क्यापासून चालत पाच मिनिटांवर. हॉलमध्ये शिरलो. सर तीन भिंती बघून चौथीसमोर थांबले. तिथे नव्या चुन्याचा डाग होता आणि वर एक खिळा.

त्यांच्या तोंडाकडे मी बघितलंच नाही. सरळ टेबलाशी गेले आणि अधिकाऱ्यांना म्हणाले, 'स्टोअरची किल्ली द्या. माणूस नसेल तर मीच शोधते.'

अधिकारी तिशीतला मुलगा होता. शिपाई पोस्टात गेलाय म्हणत रजिस्टर काढून दाखवायला लागला. रजिस्टरात चित्र हॉलमध्येच होतं. सर बाकावर बसले. छत्री गुडघ्यांवर आडवी. 'मी शब्द दिला होता,' ते म्हणाले, कुणाला असं नाही.

इकडे माईंना यातलं काहीच कळलं नव्हतं. चित्र त्या खोलीतच कुठेतरी आहे असं समजून त्या भिंतीच्या कडेने निघाल्या होत्या. प्रत्येक चौकटीपाशी थांबायच्या, नाक काचेला लागेल इतक्या जवळ जायच्या, चांगला डोळा वरून खाली फिरवायच्या. 'हें न्हय.' पुढची. 'हेंय न्हय.' कुण्या पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या मोठ्या चित्रासमोर जरा जास्त थांबल्या. 'हो कोण मिशयांचो?' मग पुढे.

मला ते बघवेना. मी स्टोअरमध्ये गेले, पदर खोचला आणि जमिनीवर बसून भिंतीला टेकवलेल्या चौकटी एकेक उलटून बघायला लागले. अधिकारीही शेजारी बसून उलटायला लागला. मुलगा खरंच सज्जन होता. समुद्र, चर्च, आंबे, पुन्हा समुद्र. धुळीने नाक भरलं. शेवटची चौकट उलटली, त्यात एक घोडा होता. काजू नाहीत, मुलगी नाही.

तेवढ्यात बाहेर पोस्टात गेलेला शिपाई परत आला असावा, कारण हॉलमधून माईंचा आवाज आला, 'पुता, माका इल्लें उदक दी.' आणि एक पुरुषाचा आवाज, 'येवा माई, हय पाणी असा, थंडगार मडक्यातला.' पावलं मागच्या बोळाकडे गेली. मी चौकटी पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतल्या. करायला दुसरं काही नव्हतं.

मग बोळातून हाक आली. मोठी नाही, घरात कुणाला जेवायला बोलवावं तशी.

'मास्तर. हांगा येयात.'

सर हॉलमधून आणि आम्ही दोघे स्टोअरमधून तिथे पोचलो. बोळाच्या टोकाला पाण्याचं मडकं होतं, शिपायाचं स्टूल होतं आणि स्टुलाच्या वर, सुक्या पांढऱ्या भिंतीवर, ते चित्र. खाली बसलेली सतरा वर्षांची मुलगी, समोर टोपली, हातात काजूची बी. आणि चौकटीला रोजांचा, म्हणजे झेंडूचा, भरगच्च ताजा हार.

शिपाई हातात पेला धरून उभा होता. पन्नाशीचा, बांद्याकडचा. आमची तोंडं बघून त्याचा रंग उतरला.

'मी चोरूक नाय,' तो म्हणाला. 'पावसात सगळी चित्रां खाली ठेवली. ही जमिनीर, तोंड भितीकडे. कोणाची तरी आई असतली, असां तोंड करून बसवचां माका बरां नाय दिसलां. म्हणान हय लावलंय.'

'आणि हार?' अधिकाऱ्याने विचारलं.

'आमच्या घराकडे बापाशीचो फोटो असा, तेका घालतंव. गेलेल्या माणसाच्या फोटोक हार नको?'

मग मीच सांगितलं, 'फोटोतली बाई ह्या. तुमच्यासमोर उभ्या आहेत.'

त्याने माईंकडे बघितलं, चित्राकडे बघितलं, आणि पेला खाली ठेवून हार काढायला धावला. जिवंत बाईला हार घातला म्हणजे त्याच्या हिशेबी त्याने तिचं आयुष्यच कापलं होतं. 'चुकी झाली, माई. तुमी जित्या असात ह्यां माका खय म्हायती.'

'राव रे,' माई म्हणाल्या. 'काडूं नाका. फुलां ताजीं आसात. केन्नासावन घालता?'

'श्रावणापासून. रोज.'

'रोज?' माई आमच्याकडे वळल्या. 'घोव गेल्यार चाळीस वर्सां माका कोणें एक फूल दिवंक ना. हो रोज हार घालता.'

त्यांनी शिपायाला स्टूल बाजूला करायला लावलं आणि चित्राजवळ गेल्या. खालून सुरुवात केली. पाय, टोपली, मांडी, हात. हातांपाशी थांबल्या. मुलीच्या बोटांची टोकं काळपट, सोलवटलेली होती.

'काजीच्या तेलान करपल्लीं,' त्या म्हणाल्या. 'हांवें ताका सांगिल्लें, हात तरी बरे काड. आयकूंक ना.'

मग वर गेल्या, तोंडापर्यंत. तिथे किती वेळ होत्या कोण जाणे. बोळात उभं राहून माझे पाय भरून आले. शेवटी त्या म्हणाल्या, 'इतली बरी दिसतालीं तर सांगपाक जाय आशिल्लें. मेल्यान कोणाकच सांगूंक ना.' आणि शिपायाला विचारलं, 'दिसतां न्हय रे बरी?'

'मगे काय,' शिपाई म्हणाला. 'म्हणान तर हय लावलंय.'

मी सरांकडे बघितलं. त्यांनी ज्याच्यासाठी इतकी पत्रं लिहिली होती ते चित्र हातभर अंतरावर होतं आणि ते चित्राकडे बघतच नव्हते. माईंकडे बघत होते, पूर्ण वेळ.

अधिकारी शिपायाला नियमाचं काही सांगायला लागला तेव्हा सरांनी भिंतीला हात लावून बघितलं. 'ओल नाही, ऊन नाही. तुमच्या रजिस्टरपेक्षा चांगलं सांभाळलंय,' ते म्हणाले. अधिकारी हसला. हरवलेल्या चित्राचा अहवाल लिहिण्यातून तोही सुटला होता. त्याने रजिस्टरात दुरुस्ती केली आणि शिपायाने सगळ्यांना चहा आणला.

पुढचं थोडक्यात सांगते. म्हापशाचा डॉक्टर बरोबर निघाला. त्या उन्हाळ्यात माईंचा दुसरा डोळाही गेला. त्याच उन्हाळ्यात गोवा घटक राज्य झालं, साखळीत फटाके वाजले, आणि सरांनी हेडमास्तरांना एवढंच विचारलं की नव्या राज्यात नवीन संग्रहालय किती खोल्यांचं होणार. सर निवृत्त झाल्यावर वही माझ्याकडे आली. ती आता मी नीट टाइप करून ठेवली आहे. पण त्या मंगळवारचं एक सांगायचं राहिलं.

परतीच्या फेरीत आम्ही तिघे एका बाकावर बसलो. माई मधे, डोळे मिटून. सर पाण्याकडे बघत होते.

'तुला माहीत होतं,' ते मला म्हणाले. 'त्याने सांगायच्या आधी तू स्टोअरची किल्ली मागितलीस.'

'हो.'

'मला सांगितलं असतंस तर मी माईंना घरातून हलवलं नसतं.'

'म्हणून नाही सांगितलं.'

'वाईट सवय आहे,' ते म्हणाले. त्यांची की माझी, ते मी विचारलं नाही.

तेव्हा लक्षात आलं की माई झोपल्या नव्हत्या. डोळे मिटून पुटपुटत होत्या. उपयोगी पडेल म्हणून साठवत होत्या, एकेक वस्तू. 'कपाळाक तीट. हातांत कांकणां, चार. फातर. बियो. टोपलें. कोंबी.'

'कोंबडी नाही, माई,' सर म्हणाले. 'टोपलीच आहे.'

'टोपल्याफाटल्यान कोंबी आसा.'

'चुकून दुसऱ्या चित्रातली...'

'मास्तर,' माई डोळे न उघडता म्हणाल्या, 'ती माजी कोंबी. तुमी पळोवंकच ना.'

फेरी बेतीच्या धक्क्याला लागली. मी माईंना हाताला धरून उतरवलं आणि मागे वळून बघितलं, तर सर बाकावरच बसलेले. लोक उतरले, नवे चढले, फेरीची साखळी लागली, आणि सर छत्री काखेत धरून परत पणजीच्या दिशेने निघून गेले. मला काही सांगायची त्यांना गरज वाटली नाही. साडेतीन वाजले होते. संग्रहालय पाचला बंद होणार होतं.

आमची बस गेली. मी माईंना सावलीत बसवलं, भाजलेले चणे घेतले. मनातल्या मनात सरांना बरंच काही बोलून घेतलं. माई शांतपणे चणे सोलत होत्या.

'येतलो तो,' त्या म्हणाल्या. 'घाई कसली.'

पाचव्या फेरीने सर आले. फळी पुरती टेकायच्या आतच उतरले आणि सरळ माईंसमोर येऊन उभे राहिले, चूक सापडलेल्या मुलासारखे.

'आहे,' ते म्हणाले. 'टोपलीच्या मागे. नुसती शेपटी दिसते.'

'तांबडी,' माई म्हणाल्या.

'तांबडी,' सर म्हणाले.